शिडी नसलेला मनोरा आणि सापशिडीचा पट



मध्यंतरी गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याला गेलो होतो. ओट्यावर चार-पाच पोरं बसलेली. त्यातल्या एकानं मोबाईल पुढं केला. "दादा, भीमा कोरेगाववर गेम बनवतोय. पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार. जितके पेशवे कापाल तितके पॉइंट."

पोरगं हुशार आहे. कुणी शिकवलं नाही, कॉम्प्युटर घरात नाही, मोबाईलवर बघून बघून शिकला. त्याचं कौतुक केलंच. पण विचारलं, "अठ्ठावीस हजार हा आकडा कुठून घेतलास?"

"सगळेच सांगतात दादा."

इथूनच माझा वाद सुरू होतो. 1 जानेवारी 1818 ला कॅप्टन स्टाँटनकडे पायदळ पाचशेच्या आसपास होतं, पण सोबत घोडेस्वार होते, दोन तोफा आणि त्यांचे गोलंदाज होते. सगळे मिळून आठशेच्या घरात. पेशव्यांची फौज जवळपास 28 हजार होती हे खरं, पण ती सगळी गावात घुसून लढली नाही. प्रत्यक्ष हल्ला करणाऱ्या तुकड्या दोन हजारांच्या आसपास होत्या, आणि त्यांत अरब होते, गोसावी होते. मग "पेशवे कापा" हा गेम कशाचा? स्तंभावर 49 नावं आहेत, त्यांतली 22 'नाक' प्रत्ययाची. त्या 22 नावांचा मान आकडा फुगवल्यानं वाढत नाही. उलट उद्या कुणी कागद घेऊन उभा राहिला की आपलं खरंही खोटं ठरवलं जातं, आणि त्यांना तेच हवं असतं.

काही कार्यकर्त्यांना हे लिहिलेलं रुचणार नाही. "आपल्याच माणसाचे पाय ओढता का?" असं विचारतील. त्यांनी बाबासाहेब इतिहास कसा लिहीत ते एकदा पाहावं. 1946 साली शूद्रांवरचा ग्रंथ आला, 1948 साली अस्पृश्यांवरचा. दुसऱ्याच्या प्रस्तावनेत ते उघड कबूल करतात, की पुराव्याची साखळी जिथं तुटलेली आहे तिथं मला तर्कानं आणि कल्पनेनं दुवा जोडावा लागला आहे. कुठं पुरावा आहे आणि कुठं अनुमान, हे लेखक स्वतःच वाचकाच्या हातात देतो. विरोधकानं पकडायच्या आधी स्वतः सांगतो. आपल्या व्हॉट्सॲप इतिहासकारांपैकी किती जण असं करतात?

दरवर्षी 6 डिसेंबरला आणि दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलसमोर लेखक भेटतात. आपण काय करतो? सही घेतो, सेल्फी काढतो, जयभीम म्हणून पुढच्या स्टॉलवर. अरे, विचारा ना त्यांना, हे तुम्हाला कुणी सांगितलं? कागद कुठं सापडला? काय सापडलं नाही? काय वगळलं आणि का? असं विचारणं म्हणजे अपमान नव्हे, लेखकाला दिलेला तो सगळ्यात मोठा मान आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' 1989 साली आलं, ते मुळात अशाच विचारण्यातून उभं राहिलं. चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्याशी बोलून. त्या दोघी घराघरांत गेल्या नसत्या तर आंबेडकरी चळवळीतली स्त्री ही फक्त सभेच्या फोटोतली मागची रांग राहिली असती. चांगदेव खैरमोड्यांनी बाबासाहेबांचं चरित्र आयुष्यभर लिहिलं, आणि 1971 साली ते गेल्यावर उरलेले खंड बाहेर काढायला द्वारकाबाई झटल्या. त्यांचं नाव आपल्या किती पोरांना माहीत आहे?

आता गेमकडे येतो. गेम करणाराही इतिहासच लिहीत असतो, फक्त वाक्यांऐवजी नियमांत. सापशिडी घ्या. तिचा जुना अवतार मोक्षपट. सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप, वर मोक्ष. सगळे पहिल्या घरातून निघतात, फासा सगळ्यांना सारखा, खाली घसरलात तर दोष तुमच्या कर्माचा. कसा गोड दिसतो पट! आणि 31 जानेवारी 1920 च्या 'मूकनायका'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी काय चित्र उभं केलं? हिंदू समाज हा मजल्यामजल्यांचा मनोरा, पण त्याला शिडीच नाही. ज्या मजल्यावर जन्मलात तिथंच मरायचं. दोन चित्रं शेजारी ठेवा. पहिल्यात तुम्ही हरलात तर चूक तुमची, दुसऱ्यात चूक बांधणाऱ्याची. म्हणून गेम करणाऱ्याला मी ग्राफिक्स विचारत नाही. खेळाडू सुरू कुठून करतो आणि शिडी कुणाला आहे, एवढंच विचारतो.

जगात हे ओळखणाऱ्या माणसांची उदाहरणं आहेत. आपण लहानपणी 'व्यापार' खेळलो, ते मोनोपॉलीचं भावंड. तिचं मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईच्या पटात आहे. 1904 साली तिनं पेटंट घेतलं, ते जमीनदार भाडं खाऊन सगळ्यांना कसं कंगाल करतो हे दाखवायला. 1935 साली कंपनीनं मोनोपॉली बाजारात आणली ती एका पुरुषाच्या नावावर, आणि टीका होती तिची हौस झाली. बाईचं नाव पुसणं काय आपल्याच गावात होतं असं नाही.

ब्रेंडा रोमेरो या गेम डिझायनरची मुलगी शाळेत गुलामांच्या व्यापाराबद्दल शिकून आली, पण तिला ते भिडलंच नव्हतं. आईनं लाकडी सोंगट्या दिल्या, मुलीनं रंगवून त्यांची कुटुंबं केली. मग आईनं हाताला येतील त्या उचलून होडीत टाकल्या. "हिची आई राहिली ना!" पोरगी म्हणाली. अन्न पुरेना, तेव्हा कुणाला समुद्रात टाकायचं हा प्रश्न तिच्यापुढं आला. तिला समजलं. उलट डेन्मार्कच्या एका शैक्षणिक गेममध्ये गुलामांची शरीरं टेट्रिसच्या ठोकळ्यांसारखी जहाजात रचायची होती. 2015 साली बोंब झाल्यावर तो भाग काढावा लागला. विषय तोच, पण नियमानं एकीकडे माणूस दिसला, दुसरीकडे ठोकळा.

मी त्या पोराला म्हणालो, महाडचा गेम कर. 1923 साली बोले यांचा ठराव झाला, पाणवठे सगळ्यांना खुले. घे, ठरावाचं कार्ड तुझ्या हातात. 1924 साली महाड नगरपालिकेचा ठराव, दुसरं कार्ड. तळ्यावर जा. पाणी मिळतं का? नाही. 20 मार्च 1927 ला हजारो माणसं चालत जाऊन ओंजळीनं पाणी पितात, तर पाठीमागून लाठ्या पडतात आणि मग तळ्याचं 'शुद्धीकरण'. त्यानंतर कोर्ट. मुंबई हायकोर्टाचा निकाल 17 मार्च 1937 ला. दहा वर्षं! हातात कागद आहे आणि घशाला कोरड आहे, हे खेळणाऱ्याला एकदा अंगावर येऊ दे.

"पण मग जिंकायचं कसं दादा? बोअर होईल लोकांना."

प्रश्न खरा होता, मी उत्तर शोधत होतो. तेवढ्यात दुसरा म्हणाला, "महाड कशाला, ऊसतोडीचा कर की. दसऱ्यानंतर गाव रिकामं होतं ते आम्ही बघतोच." मग नियम ठरू लागले. खेळाडू म्हणजे एक कोयता. सुरुवातीलाच मुकादमाची उचल, म्हणजे खेळ उण्यातून सुरू. टनामागं पॉइंट. पहिल्या पोरानं भराभर लिहून घेतलं. "आणि आजारी पडला तर एक डाव हुकला."

त्याची आई आत भाकरी थापत होती. तिथूनच बोलली, "डाव कसा हुकंल? खाडा पडतो. तेचे पैसे उलट आपल्याच अंगावर चढत्यात. अन् कोयता म्हंजी एक माणूस न्हाई रं, नवरा-बायकू दोघं मिळून एक. माझं नाव कुठंय त्यात?"

पोरगं लिहायचं थांबलं. मी म्हणालो, "पेन खाली ठेव, आत जाऊन बस त्यांच्याजवळ. आणि विचार."