एक्सप्लेनर : चौरस फूट मिळतील, पण अंगण? पुनर्विकासाच्या काळात चार्ल्स कोरिया का आठवावेत

खोपटमध्ये जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाचा विषय निघाला, की पहिला प्रश्न असतो, ‘कार्पेट एरिया किती?’ वास्तुविशारद चार्ल्स कोरिया (१९३०-२०१५) आयुष्यभर दुसराच प्रश्न विचारत राहिले : घराबाहेर मोकळं आकाश किती?

कोण होते कोरिया?
मूळच्या गोव्याच्या कुटुंबात सिकंदराबादला जन्म, अमेरिकेत शिक्षण आणि १९५८पासून मुंबईत स्वतःचं काम. साबरमती आश्रमातील गांधी संग्रहालय, मुंबईतील ‘कांचनजंगा’ टॉवर आणि भोपाळचं विधान भवन त्यांचंच. प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी खाडीपलीकडे नवी मुंबई सुचवली. १९७०च्या दशकात ते सिडकोचे मुख्य वास्तुविशारद होते.

बेलापूरमध्ये काय केलं?
आपल्याच ठाणे जिल्ह्यात, १९८०च्या दशकात उभं राहिलेलं ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’. सात घरांच्या मधोमध एक सामायिक अंगण. शेजाऱ्याशी भिंत सामायिक नाही, म्हणजे पैसे जमतील तसं घर वाढवता यावं. पुढे अनेकांनी मूळ घरं पाडून मोठी बांधली. कोरियांना घर बदलणार हे आधीच मान्य होतं. त्यांचा आग्रह मधल्या मोकळ्या जागेचा होता.

मग आपण काय करायचं?
खोपटमध्ये बैठी घरं आता शक्य नाहीत, टॉवर होणारच. पण सोसायटीच्या सभेत बिल्डरचा नकाशा येईल, तेव्हा आणखी एक आकडा मागा : पार्किंग वगळून जमिनीवर मोकळी जागा किती उरते? करारावर सही करण्याआधीच.