पात्यावरील नाग कोणाचा?

मार्च २०२० मध्ये नेदरलँड्सने इंडोनेशियाला एक शस्त्र परत केले. जावाचे राजपुत्र दिपोनेगोरो यांनी १८२५ ते १८३० या काळात डच सत्तेशी झुंज दिली. त्यांचे हे 'क्रिस', म्हणजे खंजीर, डचांच्या हाती पडले आणि १८३१ मध्ये त्यांच्या राजाला भेट म्हणून देण्यात आले. पुढे संग्रहालयाच्या नोंदींत त्याची ओळखच हरवली. जुनी पत्रे, जावानी चित्रकार रादेन सालेह यांचे टिपण आणि पात्यावरील नागाची आकृती यांची सांगड घालून अभ्यासकांनी ती पुन्हा पटवली.

दिपोनेगोरो हे निष्ठावंत मुसलमान होते. तरीही त्यांच्या शस्त्राचे नाव 'नोगो सिलुमान'. नोगो म्हणजे आपला नागच. उपासनापद्धती बदलली तरी संस्कृतीची खूण पुसली गेली नाही, हे पाहून आपले मन सुखावते आणि 'हे सारे मूळचे आपलेच' असा उद्गार सहज निघतो. मात्र नेमके येथेच थांबून विचार करावयास हवा.

भारताशी असलेल्या नात्याचे पुरावे भक्कम आहेत. क्नॉड क्रिस या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्राचीन शस्त्रावर रामायणातील प्रसंग आहेत आणि शके १२६४, म्हणजे इ. स. १३४२, ही कालगणना आहे. आपल्या पंचांगातला हाच शक! लावू पर्वताच्या उतारावरील पंधराव्या शतकातील सुकुह मंदिरात एक शिल्पपट आहे. त्यात पाते घडविणारा भीम, भाता चालविणारा अर्जुन आणि दोघांमध्ये नृत्य करणारा गणेश अभ्यासक ओळखतात.

परंतु तोच शिल्पपट दुसरी बाजूही सांगतो. व्यासांचा भीम गदाधारी आहे. लोहाराच्या भट्टीपाशी त्याला बसविले ते जावाच्या प्रतिभेने. अर्जुनाच्या हातचा दोन उभ्या नळकांड्यांचा भाताही आग्नेय आशियाच्या धाटणीचा आहे. पात्याची विषम संख्येतील वळणे, एका बाजूस रुंदावणारे बूड, लोखंड आणि निकेलयुक्त लोखंडाचे थर ठोकून उमटविलेली 'पामोर' ही नक्षी, हे सारे तेथील 'एम्पू' म्हणविल्या जाणाऱ्या कारागिरांचे कर्तृत्व आहे. पात्याच्या बुडाशी असलेल्या एका वळणदार आकाराला कोणी शेंगवेलीचे फूल म्हणतो, तर कोणी गजाची सोंड. तेव्हा केवळ नावावरून मूळ ठरविणे हा अभ्यास नव्हे. तो उतावीळपणा होय. आकार, धातू, कोरीवकाम आणि लेख यांची साक्ष एकत्र जुळली पाहिजे.

भारतातून समुद्रापार गेल्या त्या कथा, देवता आणि शब्द. त्यांचे तेथील समाजाने स्वेच्छेने स्वागत केले आणि त्यांना आपले रूप दिले. हेच आपल्या संस्कृतिसंचाराचे खरे वैभव आहे. प्रत्येक नक्षीवर हक्क सांगत गेलो, तर जेथे पुरावा निर्विवाद आहे तेथेही आपल्या शब्दाला किंमत उरणार नाही.

आज अनेक मराठी कुटुंबे बाली आणि जावाची यात्रा करतात. त्यांनी ही पाती अवश्य पाहावीत, मुलांना दाखवावीत. नाग आपल्या परिचयाचा आहे, हे अभिमानाने सांगावे. आणि तो ज्या हातांनी पोलादावर जिवंत केला, त्या हातांनाही तितक्याच आदराने वंदन करावे.