नुसता जीव वाचून भागत नाही

छाती न उघडता, केवळ हातांनी लयबद्ध दाब देऊन बंद पडलेल्या हृदयाचे काम काही काळ चालविता येते, हे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स संस्थेच्या कौवेनहोव्हन, ज्यूड व निकरबॉकर या तिघांनी १९६० साली जगापुढे मांडले. त्यानंतर मृत्यूच्या दारातून माणसे परत आणण्याची विद्या सर्वत्र पसरली. मात्र या विद्येचे यश मोजावयाचे कसे, या प्रश्नाकडे पुष्कळ काळ पुरेसे लक्ष गेले नाही. किती जण वाचले, एवढा हिशेब मांडला की काम संपले, अशी समजूत होती. ती अपुरी आहे.

हृदय पुन्हा धडधडू लागले म्हणजे माणूस पूर्ववत झाला, असे नव्हे. मेंदूजवळ प्राणवायूचा साठा नसतो. रक्तपुरवठा थांबताच काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते. त्यातही नव्या आठवणी साठविणारा भाग विशेष नाजूक. म्हणून वाचलेला रुग्ण चालतो, बोलतो, जेवतो. पण सकाळी सांगितलेले दुपारी त्याला आठवत नाही.

केवळ वाचलेल्यांची संख्या किती फसवी ठरू शकते, हे ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने दाखविले. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या आठ हजारांवर रुग्णांपैकी निम्म्यांना ॲड्रेनलिन, तर उरलेल्यांना निव्वळ क्षारजल देण्यात आले. तीस दिवसांनंतर पहिल्या गटात ३.२ टक्के, तर दुसऱ्यात २.४ टक्के रुग्ण हयात होते. औषध जिंकले, असे कोणीही म्हणेल. परंतु वाचून घरी गेलेल्यांत मेंदूला गंभीर अपंगत्व आलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३१ टक्के होते, तर दुसऱ्यात १७.८ टक्के. मेंदू बऱ्यापैकी शाबूत राहून वाचलेल्यांच्या संख्येत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. मेंदूची स्थिती नोंदविलीच नसती, तर हे सत्य कोणासही कळले नसते.

अर्थात मोजण्याची साधने मुळीच नव्हती असे नाही. मेंदूच्या कार्यक्षमतेची पाच वर्गांची एक श्रेणी अनेक वर्षे वापरात आहे. पहिल्या वर्गात उत्तम स्थिती, पाचव्यात मृत्यू. तिचा दोष असा की, पहिला वर्ग फार ऐसपैस आहे. वर्गातील मुलांची नावे विसरू लागलेला शिक्षक किंवा बेरजेत वारंवार चुकणारा कारकून हाही त्यात सुखेनैव बसतो. वाचलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांत स्मृती, अवधान किंवा विचारशक्ती यांत काही ना काही उणीव राहते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. ही उणीव ढोबळ श्रेणीत उमटत नाही. ती संसारात व कचेरीत उमटते.

२०१८ सालीच तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सुचविले की, अशा प्रत्येक चाचणीत तीन गोष्टी नोंदवाव्या: जीव वाचला काय, मेंदूचे कार्य कसे आहे आणि जीवनाची प्रत कशी आहे. यांपैकी तिसरीची नोंद निदान नव्वद दिवसांनी व्हावी. सूचना रास्तच आहे. पण साधनांची निवड डोळसपणे व्हावयास हवी. जीवनाची प्रत मोजणाऱ्या एका प्रचलित प्रश्नावलीत हालचाल, स्वतःची देखभाल, नित्याचे व्यवहार, वेदना आणि चिंता यांची विचारपूस आहे. स्मरणशक्तीचा स्वतंत्र प्रश्नच नाही. भाषेचाही प्रश्न आहे. ठरावीक रोमन अक्षराने सुरू होणारे शब्द सांगावयास लावणारी कसोटी मराठी रुग्णापुढे जशीच्या तशी ठेवता येत नाही. अल्पशिक्षिताचे कमी गुण हे मेंदूच्या इजेचे की न मिळालेल्या शाळेचे, हेही पारखून घ्यावे लागते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. जीवनाची प्रत मोजू लागलो की, कोणाचे जीवन जगण्यायोग्य हे ठरविण्याचा मोह दूर नाही, अशी धास्ती अनेकांना वाटते. ती निराधार नाही. परंतु तिला उत्तर मोजमाप टाळणे हे नव्हे. मोजमापाचा अधिकार रुग्णाकडे सोपविणे हे आहे. वाचलेले अनेक जण उणिवा असूनही आपले आयुष्य समाधानाचे असल्याचे सांगतात. बाहेरच्याने त्यांच्या वतीने निकाल देऊ नये. नोंद करावयाची ती मदत पोहोचविण्यासाठी, वगळण्यासाठी नव्हे.

युरोपातील तज्ज्ञांनी २०२१ साली शिफारस केली की, घरी सोडल्यापासून तीन महिन्यांच्या आत रुग्णाची स्मृती, मनःस्थिती व थकवा तपासावा आणि त्याची काळजी वाहणाऱ्यांचीही विचारपूस करावी. यास महागडे यंत्र लागत नाही. वेळ, आपुलकी आणि रुग्णाच्या भाषेतील नीट पारखलेली प्रश्नावली लागते. हे न झाल्यास विसराळूपणाला आळस व चिडचिडीला दुःस्वभाव समजले जाते आणि दोष मात्र रुग्णाच्या माथी येतो. मृत्यूच्या दारातून ओढून आणलेल्या माणसाला उंबरठ्यावरच सोडून देणे, हे कोणत्याही वैद्यकास शोभणारे नाही.