सूत्रधाराचें ऋण

नाट्यदिग्दर्शन ही कला आम्हीं पश्चिमेकडून उसनी आणली, आणि १९३३ सालीं 'नाट्यमन्वंतर' संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणीपर्यंत मराठी नाटकाला दिग्दर्शक असा कोणी नव्हताच, असें विधान विद्वानांच्या व्याख्यानांतून वारंवार ऐकूं येतें. सातारा-सांगलीकडील रसिकही त्यावर माना डोलावतात, याचें नवल वाटतें.

दिग्दर्शक म्हणजे कोण? भाषण, हालचाल, गायन आणि देखावा यांचा एका हेतूनें मेळ घालून त्याची जबाबदारी शिरावर घेणारा मनुष्य. १८४३ सालीं श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानें विष्णुदास भाव्यांनीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें, तेव्हां नटांच्या हातीं लिहिलेले संवाद नव्हते. भाव्यांनीं रचलेलीं पद्यें सूत्रधारानें गावींत आणि त्या अनुरोधानें पात्रांनीं अभिनय व भाषण करावें, अशी रीत होती. संहिताच अपुरी असतां प्रयोग उभा राहिला, तो कोणाच्या तरी योजनेवांचून काय? युरोपीय दिग्दर्शनाचा इतिहास ज्या माइनिंगेनच्या ड्यूकपासून बहुधा मोजतात, त्याची मंडळी बर्लिनला गाजली ती १८७४ सालीं!

आक्षेपक म्हणतील, "तें दिग्दर्शन नव्हे, नुसती तालीम." पण 'नुसती' हा शब्द कोणाला लावावयाचा? सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांना? 'शारदा' (१८९९) लिहिणारा हा नाटककार किर्लोस्कर मंडळींत नटांना घडवीत असे. बालगंधर्व आणि गणपतराव बोडस त्याच्याच हाताखालून गेले. नटाला वाक्याचा अर्थ उमजून तें स्वाभाविकपणें बोलावयास लावणें, हें 'तालीममास्तर' या नांवाखालीं झालें म्हणून हलकें ठरत नाहीं.

पश्चिमेकडून आम्हीं कांहींच घेतलें नाहीं, असें माझें म्हणणें नाहीं. नेपथ्य आणि प्रकाश यांनीं नाटकाचा अर्थ बोलका करावा, ही दृष्टि तिकडून आली व ती स्वागतार्हच आहे. पण देखावा रचला कीं दिग्दर्शन संपलें, हा समज घातक होय. कित्येक हौशी प्रयोगांत दिवे अचूक पडतात, पण नटाचें वाक्य तिसऱ्या रांगेपर्यंतही पोंचत नाहीं. तालमीला हलकें लेखण्याचें हें फळ आहे.

५ नोव्हेंबरला रंगभूमिदिन साजरा करणाऱ्या तरुण दिग्दर्शकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें : भाव्यांच्या नाटकांतील सूत्रधार पडद्याआड बसत नसे; तो प्रेक्षकांसमोर उभा असे. प्रयोग फसला तर तोंड लपविण्यास त्याला जागा नव्हती.