पडणारच आहेत ना!

"पडणारच आहेत ना ते दात? मग त्यापायी दिवसाचा रोज कशाला बुडवू?" राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एका बाईंनी मला विचारले, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यांच्या चार वर्षांच्या मुलाच्या पुढच्या दातांचे काळे खुंट झाले होते. चहात भिजवलेली भाकरी तो एकाच बाजूने चघळत होता.

उत्तर मी मागाहून शोधले. दुधाचे दात 20. पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे. पण दाढा 10-12 वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. ठणकत्या दाढेने मुलाने तोवर जेवायचे कसे, झोपायचे कसे? शिवाय सहाव्या वर्षी मागे येणारी दाढ कायमची असते. तीही दुधाचीच समजून किडू दिली जाते.

'कीड' हा शब्दच फसवा. दातात अळी नसते. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दाताचे कवच झिजवते. साखर किती खाल्ली याइतकेच ती दिवसातून किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचे. आई मजुरीला, सांभाळायला थोरली बहीण; पोर रडले की ग्लुकोजचे बिस्किट, नाहीतर गोड चहा. आपण शिकलेली माणसे याला 'आईचे अज्ञान' म्हणून मोकळे होतो! मला हे निदान मुळीच मान्य नाही. त्या घरात दात घासायला होती ती फक्त आजीची मशेरी.

2013 साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे; तीत दातही येतात. पण तपासणीनंतर हाती पडते ती चिठ्ठी, आणि चिठ्ठी म्हणजे पुन्हा बुडालेला रोज. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. मग ती अंगणवाडीतच का मिळू नये? खिचडीनंतर वाटाण्याएवढी पेस्ट, तिनाच्या आतल्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी. (यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जादा, तिथे दंतवैद्याला विचारूनच.) सेविकांवर आधीच नोंदवह्यांचा डोंगर आहे, हा आक्षेप रास्त आहे. मग हाताखाली आणखी एक माणूस द्या.

यंदाच्या शिबिराच्या अंदाजपत्रकात घोषणाफलकांसाठी रक्कम धरली आहे, ब्रशांसाठी नाही. मी कार्यक्रम अधिकारी सरांना तसे लेखी कळवले आहे.