यिवूतले बिऱ्हाड

चीनच्या झेजियांग प्रांतातले यिवू म्हणजे बटणांपासून खेळण्यांपर्यंत सगळ्या किरकोळ मालाचा ठोक बाजार. इथे भारतीय व्यापाऱ्यांनीही बिऱ्हाडे थाटली आहेत. गावाकडून सासूबाई आल्या, तर २४ तासांत पोलिसांकडे नोंद हवी. त्याची सवय होते. अवघड जाते ते सूनबाईंना. पदवी कितीही मोठी असो, कामाचा वेगळा परवाना मिळाल्याखेरीज नोकरी नाही. भाजीवालीशी घासाघीस करायलाही लेकालाच पुढे करायचे! तो मात्र फाडफाड चिनी बोलतो. पण १९८०च्या कायद्याप्रमाणे भारतीय आईबापांचे मूल तिथे जन्मले, तरी भारतीयच. अठरा वर्षे पूर्ण झाली, की आईबापांच्या आधाराने राहणे संपते. मग शिक्षणाचा किंवा नोकरीचा स्वतःचा व्हिसा काढावा लागतो.