विषय बदलला, तर पत्रही बदला

औपचारिक पत्राच्या माथ्यावर 'विषय' लिहावा आणि त्याखाली 'संदर्भ' द्यावा, हे आपण सर्वजण शाळेतच शिकतो. आपले कन्नड माध्यमातील मित्रही 'विषय' आणि 'उल्लेख' अशा याच दोन ओळी गिरवितात. परंतु हाती ई-मेल आला आणि या दोन ओळींचा आपल्याला विसर पडला!

स्नेहसंमेलनाच्या तारखेविषयी वीसएक जणांत पत्रव्यवहार चाललेला असतो. त्यातल्याच एका पत्राला उत्तर म्हणून कोणी परीक्षा-शुल्काची मुदत विचारतो. नवे पत्र लिहावयाचे म्हणजे सर्वांचे पत्ते पुन्हा घालणे आले, तेवढा कंटाळा! कोणी वरचे शीर्षक तेवढे बदलतो आणि काम झाले असे समजतो. तसे ते होत नाही. प्रत्येक पत्राला स्वतःचा ओळख-क्रमांक असावा आणि ते कोणत्या पत्राचे उत्तर आहे हेही त्यात नोंदता यावे, ही सोय १९८२ सालच्या ई-मेल मानकातच आहे. ही नोंद डोळ्यांना दिसत नाही. पण तिच्याच आधारे अनेक प्रोग्रॅम नवा प्रश्न जुन्या चर्चेच्या पोटात नेऊन ठेवतात. ज्याला स्नेहसंमेलनात रस नाही तो ती चर्चा उघडीतच नाही. प्रश्न विचारणारा नवखा विद्यार्थी मात्र उत्तराची वाट पाहत राहतो आणि मुदत टळते.

कोणी म्हणतील, ही कारकुनी शिस्त कशाला? शोधले की सापडते! पण काय शोधावयाचे? आपल्याकडे तोच शब्द एकजण देवनागरीत लिहितो, दुसरा कन्नड लिपीत, तिसरा इंग्रजी अक्षरांत. शिवाय 'हो, चालेल' एवढेच उत्तर सापडले, तरी काय चालेल हे कोण सांगणार?

१९९५ साली निघालेल्या 'आरएफसी १८५५' या इंटरनेट-शिष्टाचाराच्या टिपणात दोन साध्या सूचना आहेत : शीर्षकावरून मजकूर कळावा, आणि उत्तर देताना मूळ पत्रातील संदर्भापुरताच भाग ठेवावा किंवा त्याचा सारांश द्यावा. आमच्या मते त्यांना आणखी दोन जोडाव्यात. नवा विषय निघाला की कोरे पत्र घ्यावे. आणि ज्याने प्रश्न विचारला त्यानेच शेवटी, काय ठरले ते दोन ओळींत सर्वांना कळवावे.

यात मोठेपणा मिरविण्यासारखे काही नाही, आणि खर्च तर मुळीच नाही. समूहात मोठ्या आवाजाच्या माणसाचे म्हणणे कसेही ऐकले जाते. शिस्त हवी असते ती हळू बोलणाऱ्यासाठी. पुढील वर्षी आपल्या जागी येणाऱ्या विद्यार्थ्यांना आपला पत्रव्यवहार चाळताना कोणता निर्णय का झाला हे कळावे, एवढी तरी काळजी आपण घ्यावयास नको काय?